बकुळ दिवाणाखालून बाहेर येत नाही

चिपळूणजवळच्या एका गावातून एका ताईंचं हे पत्र शुक्रवारी सकाळी ईमेलने आलं. बरंच मोठं आहे, मुद्द्याचं तेवढं इथे देते.

"डॉक्टर, आमची मांजर बकुळ चार वर्षांची. परवापासून दिवाणाखाली कोपऱ्यात जाऊन बसलीय. हाक मारली की नुसती बघते. एरवी मासळीवाली दारात आली की सगळ्यांच्या आधी हिची शेपटी वर, पण काल ताजी मांदेली समोर ठेवली तरी तोंड फिरवलं. कान गरम लागतात, नाक कोरडं पडलंय. सासूबाई म्हणतात, नाक सुकलं म्हणजे ताप. शेजारचे काका म्हणतात, मुलाला देता तेच तापाचं औषध पाव चमचा पाजा. जनावरांचा दवाखाना तालुक्याला, रिक्षाने पाऊण तास, आणि रिक्षात बकुळ जिवाच्या आकांताने ओरडते. ताप आहे की नाही हे घरच्या घरी कसं ओळखायचं? अजून किती दिवस वाट बघू? तिचं ऑपरेशन केलेलं नाही, दोनदा पिल्लं झालीत. बाकी विशेष काही नाही. सोमवारी रात्री पत्र्यावर बोक्यांची जोरात भांडणं चालली होती, तेव्हा ती बाहेर होती एवढंच."

ताई, तुमचं पत्र वाचल्या वाचल्या तुम्हाला दोन गोष्टी फोनवर सांगितल्या होत्या. ते औषध थेंबभरही पाजू नका, आणि आजच्या आज बकुळला दवाखान्यात न्या. हे सदर छापून यायला आठवडा जातो, आणि दोन दिवस न जेवलेल्या मांजराला आठवडाभर थांबवता येत नाही. आता राहिलेलं सविस्तर लिहिते, कारण नाक, कान आणि पाव चमचा औषध या तीन गोष्टी माझ्याकडे येणाऱ्या दर दुसऱ्या पत्रात असतात.

आधी सासूबाईंचं. त्या चुकीचं बोलत नाहीत, त्या गाईगुरांचं बोलताहेत. धडधाकट गाईचं नाक कायम ओलं असतं, दवबिंदू साठावेत तसे थेंब त्यावर दिसतात. गाईचं नाक सुकलं की गुराखीसुद्धा ओळखतो, जनावराचं काहीतरी बिघडलंय. ज्या घरात गोठा होता तिथल्या बायकांना हे पक्कं माहीत असतं, आणि तेच त्या मांजराला लावतात. पण मांजराचं नाक दिवसातून दहा वेळा ओलं आणि कोरडं होतं. उन्हात झोपून उठलं की कोरडं, जीभ फिरवली की ओलं. ताप १०४ असताना ओलं नाक मी पाहिलंय आणि ठणठणीत मांजराचं कोरडंही पाहिलंय. कानांचंही तसंच. मांजर अंगातली उष्णता कानांवाटे बाहेर टाकतं, त्यामुळे चुलीजवळ बसलेल्या, खेळून दमलेल्या किंवा घाबरलेल्या मांजराचे कान गरमच लागणार. शिवाय मांजराचं अंग मुळात आपल्यापेक्षा तापलेलं असतं. निरोगी मांजराचं तापमान साधारण १००.५ ते १०२.५ अंश फॅरेनहाइट. आपल्याला १०२ ताप आला तर आपण अंथरूण धरतो, आणि मांजर त्याच आकड्यावर पाल पकडायला भिंतीवर उडी मारतं. म्हणून हाताला गरम लागलं यावरून काहीच ठरत नाही.

मग ताप शोधायचा कुठे? तर तिच्या सवयींत. आणि ते तुम्ही केलंयच, फक्त त्याला तुम्ही लक्षण म्हटलं नाहीत. मासळीवालीच्या आवाजाला न उठणं, मांदेलीकडे पाठ फिरवणं, दिवाणाखालचा कोपरा धरणं, ही तुमच्या पत्रातली खरी लक्षणं आहेत. मांजर स्वतः शिकारी आहे, पण आकाराने इतकं लहान की त्याचीही शिकार होऊ शकते. त्यामुळे दुखणं दाखवायचं नाही, अंधारात जाऊन गप्प बसायचं, हे त्याच्या रक्तात आहे. कुत्रं आजारी पडलं की तुमच्या पायाशी येतं. मांजर तुमच्यापासून लांब जातं.

आता काय काय बघायचं ते सांगते. तापातलं मांजर ऐसपैस पसरत नाही. चारही पाय पोटाखाली घेऊन, पाठीला थोडी पोक काढून, मुटकुळं करून बसतं, आणि डोळे अर्धवट मिटलेले असले तरी झोपलेलं नसतं. अंग चाटणं थांबतं, त्यामुळे दोनतीन दिवसांत केस राठ होतात, पाठीवर विंचरायचे राहिल्यासारखे उभे राहतात. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून एक पांढरट पडदा अर्ध्यावर आलेला दिसतो. एरवी तो आत असतो. अंगाला हलकी कापरं भरतात, ती बघून कळत नाहीत, पाठीवर हात ठेवला की कळतात. पाणी कमी पितं, हिरड्यांना बोट लावलं तर त्या चिकट लागतात. आणि श्वास. मांजर शांत पडलेलं असताना बरगड्यांची हालचाल अर्धा मिनिट मोजा आणि दुप्पट करा. वीसतीसच्या आसपास आकडा यायला हवा. बसल्या जागी चाळीसच्या वर जात असेल, किंवा मांजर कुत्र्यासारखं तोंड उघडून धापा टाकत असेल, तर ताप मोजत बसू नका, तडक निघा.

नक्की ताप किती, हे मात्र थर्मामीटरच सांगतो, आणि तो गुदद्वारातूनच घ्यावा लागतो. काखेत घेतलेला आकडा कमी येतो. कपाळासमोर धरायची ती पिस्तुलासारखी यंत्रं केसांवर चालत नाहीत. औषधाच्या दुकानात साधा डिजिटल थर्मामीटर मिळतो, शक्यतो वाकणाऱ्या टोकाचा घ्या आणि त्याच्यावर लाल चिकटपट्टी लावून तो बकुळचा म्हणून वेगळा ठेवा. काचेचा पाऱ्याचा नको. मांजराने एक हिसका दिला की तो फुटतो.

हे काम दोघांचं आहे. एकाने जाड टॉवेल टेबलावर पसरून मांजराला त्यात घ्यायचं, पुढचे पंजे आत राहतील असं गुंडाळायचं, डोकं आपल्या कोपराच्या खोबणीत ठेवायचं आणि बोलत राहायचं. मागची बाजू तेवढी उघडी. दुसऱ्याने थर्मामीटरच्या टोकाला व्हॅसलीन लावायचं, शेपटी हलकेच वर धरायची, खेचायची नाही. टोक गुदद्वाराला टेकवून क्षणभर थांबायचं. आधी स्नायू आवळले जातात, मग सैल सुटतात. सैल सुटले की अलगद फिरवत जेमतेम एक इंच आत सरकवायचं. अडलं तर जोर लावायचा नाही. बीप वाजेपर्यंत धरून ठेवायचं, आकडा आणि वेळ लिहून घ्यायची. मांजर फिसकारायला लागलं, अंग ताठ केलं, तर सोडून द्या. आकडा मिळाला नाही म्हणून काही अडत नाही, दवाखान्यात तो घेतलाच जातो.

१०३ च्या वर आकडा म्हणजे ताप धरायचा. पण झटापट झालेली असेल, पाठलाग करून पकडलेलं असेल, तर नुसत्या धास्तीनेही तापमान चढतं. तेव्हा अर्धापाऊण तास शांत बसू देऊन पुन्हा मोजा. १०४ किंवा त्याहून जास्त असेल तर त्याच दिवशी दवाखाना. १०६ ला पोचलं तर शरीरातल्या अवयवांना इजा होऊ शकते, तिथे रात्र, रविवार काही बघायचं नाही. आणि एक उलटी गोष्ट लक्षात ठेवा. ९९ च्या खाली उतरलेलं तापमान तापाइतकंच वाईट असतं, कधी कधी जास्तच. मांजरांचा पार्व्हो म्हणतात त्या आजारात लहान पिल्लांना आधी सणकून ताप येतो, उलट्याजुलाब होतात, आणि मग अंग गार पडायला लागतं. "ताप उतरला वाटतं" म्हणून घरचे निर्धास्त होतात, आणि पिल्लू हातचं जातं. त्याची लस मिळते, साधारण आठ आठवड्यांपासून सुरू करता येते. ज्यांच्या घरी पिल्लं आहेत त्यांनी ती टाळू नये.

आता शेजारच्या काकांचा पाव चमचा. याविषयी मला जरा जोर देऊन लिहावं लागणार आहे.

मुलांच्या तापाच्या औषधात बहुतेक वेळा पॅरासिटामॉल असतं. डोलो, क्रोसिन, कालपोल, पाकिटावर नाव काही असो, आत तेच. माणसाचं यकृत ते बांधून शरीराबाहेर टाकतं. मांजराच्या यकृतात ते बांधणारी यंत्रणाच अपुरी आहे, जन्मतःच. त्यामुळे औषध साचतं, त्यापासून विषारी द्रव्य तयार होतं आणि ते रक्तातल्या लाल पेशींवर तुटून पडतं. रक्त अंगात खेळत असतं, पण त्याला प्राणवायू वाहता येत नाही. मांजरांना शरीराच्या दर किलो वजनामागे १० मिलिग्रॅमइतक्या कमी मात्रेतही विषबाधा झाल्याच्या नोंदी आहेत. हिशेब करून बघा. ५ मिलीत २५० मिलिग्रॅम असं जे सिरप घरात असतं, त्याचा पाव चमचा म्हणजे साठेक मिलिग्रॅम. साडेतीन किलोच्या मांजराला ते किलोमागे सतराअठरा मिलिग्रॅम होतं. पाव चमचा म्हणजे अगदी थोडं, असं काकांना वाटलं असणार. मांजरासाठी ते थोडं नाही.

बरीच वर्षं झाली, पण एक मुलगा डोळ्यांसमोरून जात नाही. कॉलेजात शिकणारा, खोलीवर एकटा राहणारा. मांजर तापलंय म्हणून त्याने रात्री अर्धी गोळी केळ्यात दडवून भरवली होती, आणि रात्रभर तिला मांडीवर घेऊन बसला होता. सकाळी माझ्याकडे आला तेव्हा तिचा चेहरा आणि पुढचे पंजे सुजलेले होते. ओठ वर केला तर हिरड्या गुलाबी नव्हत्या, कडक कोऱ्या चहाच्या रंगाच्या होत्या. दुपारपर्यंत आम्ही हातात होतं ते सगळं केलं. ती वाचली नाही. त्या मुलाने काहीही निष्काळजीपणा केला नव्हता. त्याला कोणी सांगितलेलं नव्हतं, एवढंच. म्हणून मी सांगत राहते. पॅरासिटामॉल नाही, आयब्युप्रोफेन नाही, दोन्ही मिसळलेली कॉम्बिफ्लाम नाही, ॲस्पिरिन नाही. कुत्र्याला दिलेलं उरलेलं औषधही नाही. आणि चुकून दिलं गेलंच असेल तर लाजून लपवू नका. पाकीट घेऊन त्याच क्षणी दवाखाना गाठा. यावर उतारा आहे, एन-ॲसिटिलसिस्टीन नावाचा, पण तो पहिल्या काही तासांत मिळाला तर खरा उपयोग.

बर्फाच्या घड्या, ओली फडकी, अंगावर पाणी, हेही नको. ताप हा शरीराने स्वतःहून चढवलेला असतो, आतल्या जंतूंशी लढायला. वरून गार केलं तर शरीर कुडकुडून तो पुन्हा चढवतं आणि मांजर आणखी थकतं. उन्हाचा तडाखा ही वेगळी गोष्ट. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत किंवा बंद गाडीत अडकून मांजर धापा टाकत असेल, तर तिथे साध्या पाण्याने अंग ओलं करून पंख्याखाली ठेवायचं आणि लगेच दवाखान्यात न्यायचं.

आता, ताई, तुमच्या पत्राच्या शेवटच्या ओळीकडे येते. "बाकी विशेष काही नाही" म्हणून तुम्ही जे लिहिलंत, ते मला सगळ्यात विशेष वाटलं. सोमवारी रात्री पत्र्यावरची भांडणं, आणि बुधवारपासून बकुळ दिवाणाखाली. मांजराचा सुळा सुईसारखा असतो. तो कातडीत घुसतो, तोंडातले जंतू खोल सोडतो आणि बाहेर येतो. वर राहतं ते मोहरीएवढं भोक, एका दिवसात बुजणारं. आत मात्र पू साठत जातो, आणि दोन ते पाच दिवसांत ताप आणि गळू दोन्ही वर येतात. बाहेर फिरणाऱ्या मांजरांच्या तापाचं हे फार नेहमीचं कारण.

माझ्या स्वतःच्या घरातलं सांगते. आमचा खंड्या नावाचा बोका असाच एका पावसाळ्यात ओट्याखाली भिंतीकडे तोंड करून बसला. मी कपाळाला हात लावला, अंगभर नजर फिरवली, जखम दिसली नाही, आणि पावसाने कंटाळला असेल म्हणून दवाखान्यात निघून गेले. दुसऱ्या दिवशी ताप १०४.८. शेपटीच्या मुळाशी केसांचा रुपयाएवढा एक पुंजका डिंक लावल्यासारखा चिकटलेला होता, तो बाजूला केल्यावर भोक सापडलं. पू काढून जखम धुतली, संध्याकाळी ताप उतरला. तेव्हापासून मी नजर फिरवत नाही, बोटं फिरवते. तुम्हीही तसंच करा. मानेपासून सुरुवात करून गाल, खांदे, पुढचे पाय, पाठ आणि शेवटी शेपटीचं मूळ. केस उलटे सारत जा. चिकटलेला पुंजका, गरम फुगवटा, किंवा हात लागताच बकुळ वळून बघते अशी जागा सापडली तर दाबू नका, पिळू नका, हळद भरू नका. जागा कुठली ते डॉक्टरांना दाखवा.

दुसरी शंका तिच्या गर्भाशयाची. ऑपरेशन न झालेल्या भाटीला माजावर येऊन गेल्यानंतर काही आठवड्यांत गर्भाशयात पू होऊ शकतो. शेपटीखाली ओल, वास, चिकट स्राव दिसतो का बघा. पाणी एकदम जास्त प्यायला लागली का, पोट फुगल्यासारखं वाटतं का, हेही. स्राव दिसला नाही म्हणून शंका सोडून देता येत नाही, कारण गर्भाशयाचं तोंड बंद राहिलं तर सगळा पू आतच साठतो, आणि ते जास्त घातक. म्हणून डॉक्टरांना ऑपरेशन झालेलं नाही हे न विचारता आधीच सांगा. शेवटची माजावर कधी आली होती तेही आठवून ठेवा.

"अजून किती दिवस वाट बघू" असं तुम्ही विचारलंत. एकही नाही. मोठं मांजर चोवीस तास काही खात नसेल तर डॉक्टरांशी बोलायचं, पिल्लू असेल तर निम्म्या दिवसातच. यामागे कारण आहे. उपाशी मांजराच्या अंगातली चरबी सुटून यकृतात जाऊन बसते, आणि मांजराच्या यकृताला ती झेपत नाही. दोनतीन दिवसांच्या उपासानेही हे सुरू होऊ शकतं, गुबगुबीत मांजरांत तर लवकर. मग ताप उतरला तरी यकृताचं दुखणं मागे राहतं आणि कानांच्या आतली कातडी पिवळी दिसायला लागते. आपल्याला तापात लंघन चालतं. मांजराला चालत नाही.

खाण्याकरता जबरदस्ती मात्र करू नका. मांजर वासावर जेवतं. बांगडा किंवा मांदेली नुसत्या पाण्यात उकडा, कोमट असतानाच काट्याशिवाय कुस्करून चमचाभर समोर ठेवा. कालवणातलं काढून देऊ नका. कांदा आणि लसूण मांजराच्या रक्ताला बाधतात, कोकणातल्या कालवणात ते असणारच. दूधही नको, पुष्कळ मोठ्या मांजरांना ते पचत नाही आणि तापात वर जुलाब लागतात. पंधरा मिनिटांत नाही खाल्लं तर उचलून ठेवा, शिळा वास तिथे राहू देऊ नका.

रिक्षाचा प्रश्न भाजीच्या प्लॅस्टिक क्रेटने सुटतो. दोन क्रेट, एक उपडा वर ठेवून चारही बाजूंनी सुतळीने घट्ट बांधायचा, आत तिची रोजची चादर, वरून जुनी साडी टाकून अंधार करायचा. अंधारात ती ओरडेल, पण उघड्यावर ओरडते तेवढी नाही. आणि मांडीवर मोकळी घेऊन मात्र जाऊ नका, रस्त्यात उडी मारलेली मांजरं परत सापडत नाहीत. तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात गाईम्हशींची गर्दी असली तरी निघण्याआधी फोन करून डॉक्टर कधी भेटतील ते विचारून घ्या. जनावरांच्या आजारासाठी १९६२ हा टोल फ्री क्रमांकही आहे.

हाताळताना ओरबाडलं किंवा चावली तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी माणसांच्या डॉक्टरांकडे जा. मांजराच्या चाव्यानेही रेबीज होतो. बकुळच्या तोंडातून लाळ गळत असेल, आवाज बदलला असेल, गिळता येत नसेल, तर तिच्या तोंडात कुणीही हात घालू नका. लांबूनच क्रेटमध्ये घ्या आणि दवाखान्यात दारातच हे सांगा.

डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलं तर ते सांगितलेले सगळे दिवस द्यायचं, दुसऱ्या दिवशी जेवायला लागली म्हणून थांबवायचं नाही. गोळी डॉक्सिसायक्लिनची असेल तर ती कोरडी घशात टाकून सोडू नका, मांजराच्या अन्ननलिकेत ती अडकून जखम करते. गोळीमागोमाग सिरिंजने पाचसहा मिली पाणी गालाच्या बाजूने हळूहळू द्या, किंवा लगेच दोन घास खायला द्या.

घरी आणल्यावर तिला दिवाणाखालून ओढून काढू नका. तीच जागा तिची करा. खाली जुनी गोधडी, एका बाजूला पाण्याची वाटी, हाताच्या अंतरावर मातीचा ट्रे. दिवसातून दोनदा श्वास मोजा, आकडा लिहा, दारं रात्री बंद ठेवा. ती आपणहून बाहेर येऊन उंबऱ्यावर अंग चाटायला बसली की मला दोन ओळी लिहा.